दहा रुपयांचं थालीपीठ

आमच्या सोसायटीतले काका म्युच्युअल फंडाचे युनिट मटारासारखे घेतात, स्वस्त दिसले की पिशवी पुढे. नवा फंड बाजारात आला, युनिट १० रुपयांना, काका खूश. जुन्या फंडाचं युनिट ४०० रुपयांना, म्हणजे तो महाग. थालीपिठाचे चार तुकडे केले काय आणि चाळीस केले काय, पीठ तेवढंच, हे काकूंना कळतं. पण गुंतवणुकीचं खातं काकांकडे आहे.

काकांकडे आजमितीला चौदा फंड. सगळे लार्ज कॅप. सेबीच्या व्याख्येत लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या, आणि या फंडांना किमान ८० टक्के पैसा त्यांतच ठेवावा लागतो. म्हणजे तेच पाहुणे चौदा मांडवांत जेवून जातात आणि काका म्हणतात, ‘गोतावळा केवढा मोठा!’

निवडीचा निकष? गेल्या वर्षी पहिला आलेला.

एजंटाशिवाय थेट घ्यायचा डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून मिळतो, खर्च एखाद टक्क्यानं कमी, हे मी एकदा सांगून पाहिलं. काका म्हणाले, “एका टक्क्यानं काय होतं?” मी हिशेब मांडला: दरमहा १०,००० रुपये, २० वर्षं, परतावा १२ऐवजी ११ टक्के धरला, तर शेवटी बारा लाखांहून जास्त फरक. कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपये सुटावेत म्हणून अख्खी मंडई फिरणारे काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “अहो, पण आपला एजंट दिवाळीला डायरी आणून देतो. कॅलेंडरसुद्धा!”