बुधवारी दीडला मोकळे आहात का?

अमेरिकेत पालक म्हणून सुखाने जगायचं असेल तर शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत मागच्या रांगेत बसावं आणि 'हे कोण घेईल?' असा प्रश्न आला की खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागावं. मी त्या दिवशी चपला घालून गेलो होतो.

शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांसाठी शिक्षक मिळवण्याचं खातं असं माझ्या गळ्यात पडलं. वरकरणी कुरकुरलो, पण मनातून खूश होतो. सॉफ्टवेअर कंपनीत माणसं पारखण्यात हयात गेली. एक बुद्धिबळवाला आणि एक ओरिगामीवाला शोधणं म्हणजे डाव्या हाताचा मळ!

मुळात हे काम पालकांकडे का, तर त्याला इतिहास आहे. आमच्या कॅलिफोर्नियात लोकांनी १९७८ साली मतं देऊन शाळांना पैसा पुरवणाऱ्या घरपट्टीला एक टक्क्याचा लगाम घातला. तेव्हापासून पैसे कमी पडले की चित्रकला, संगीत यांच्यावर कात्री आधी चालते. २००२ साली श्वार्झनेगरसाहेबांनी, तेव्हा ते गव्हर्नरही नव्हते, शाळेनंतरच्या कार्यक्रमांना सरकारी पैसा मिळावा म्हणून प्रस्ताव मांडला आणि तो मतदानात मंजूर झाला. तो पैसा आधी गरीब वस्तीतल्या शाळांना जातो, आणि तेच योग्य आहे. बऱ्या वस्तीतल्या शाळेने पालकांकडून फी घ्यावी आणि पालकांमधूनच एक बकरा शोधावा.

आमची शाळा बुधवारी दीडला सुटते. दीडला जो नोकरीवर असतो तो येऊ शकत नाही, आणि जो मोकळा असतो तो मोकळा का, असं मुख्याध्यापिकाबाई विचारतात. शिवाय बोटांचे ठसे न्यायखात्याकडे, क्षयरोगाची तपासणी आणि वर दहा लाख डॉलरच्या विम्याचा दाखला. ठशांबद्दल माझं काही म्हणणं नाही, मुलांचा प्रश्न आहे. पण ओरिगामीच्या आजींनी विम्याचा कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "बगळा फुटला तर काय होतं?" एका तासाच्या वर्गासाठी येता-जाता दीड तास गाडी हाकायची आणि वर हे. आजी पुन्हा दिसल्या नाहीत.

बुद्धिबळासाठी मात्र मी हिरा शोधला होता. रीतसर रेटिंग असलेला, स्पर्धा गाजवणारा तरुण. मुलाखतीत त्याने सिसिलियन बचावावर मला असं दिपवलं की मी दुसरं काही विचारलंच नाही. पहिल्या बुधवारी तो फळ्याकडे तोंड करून घोड्याचं महत्त्व सांगत होता. त्याच्या पाठीमागे दुसरीतली मुलं टेबलांखाली घोडे होऊन धावत होती आणि एक प्यादं कुणाच्या तरी नाकात होतं. थोड्याच दिवसांत 'वैयक्तिक कारणांमुळे' अशी सुरुवात असलेला ईमेल आला.

ठसे देऊन झालेला, तातडीने येऊ शकणारा आणि फुकट, असा यादीत एकच माणूस उरला होता. मी.

घाबरायचं कारण नव्हतं. मी सांगलीचा, भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलेलं गाव. शिवाय आमच्या आबांनी पडवीत बसवून मला खेळ शिकवला होता. आबांचा खेळ देशी होता, हा तपशील मला तोवर महत्त्वाचा वाटला नव्हता. मी प्यादं एकच घर पुढे सरकवायला सांगितलं, तेव्हा थोडी चुळबुळ झाली. मग राजाला घोड्यासारखी अडीच घरं नेलं. दोन वेण्यांची एक चिमुरडी उभी राहिली.

"इल्लीगल."

"भारतात चालतं," मी म्हणालो.

"विश्वनाथन आनंद असं खेळतो?"

पुढची चाळीस मिनिटं तिने सगळ्यांना कॅसलिंग शिकवलं. मी मोहरे गोळा केले. मुलं शांत होती, एवढं खरं.

शेवटी जी मिळाली ती कम्युनिटी कॉलेजातली मुलगी. उन्हाळी शिबिरांत मुलं सांभाळलेली, बुद्धिबळ जेमतेम. माझ्या प्रश्नावलीत ती नापासच झाली असती, पण मुलाखत घ्यायला वेळ नव्हता. तिने मुलांना वर्गात घेतलंच नाही. आधी खाऊ, मग मैदानाला फेरी, आणि मग दोघांत एक पट, त्यावर नुसती प्यादी: ज्याचं पलीकडे आधी पोचेल तो जिंकला. नाकातल्या प्याद्याचा धनी वाकून पटावर नजर लावून बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला. दोन वेण्यांना तिने पंच केलं. हे मला का सुचलं नाही, ते बायकोने मला न विचारताच सांगितलं.

वसंत ऋतूत त्या मुलीला आरोग्यविम्यासकट पूर्ण वेळची नोकरी लागली. सगळ्या चांगल्यांना लागते. मी अभिनंदन केलं आणि मनात नशिबाला शिव्या घातल्या.

तेव्हापासून मला माणसं नीट दिसेनाशी झाली आहेत. दंतवैद्यांना मी तोंडात कापूस असताना बुधवारचं विचारलं. त्यांना वाटलं, दुखतंय. परवा सिंकखाली प्लंबर काम करत होता. माझ्या मुलाला त्याने टॉर्च धरायला दिली, पाणी कुठून कुठे जातं ते समजावलं, आणि एका जागी पाच मिनिटं न बसणारा मुलगा अर्धा तास हलला नाही. माझे डोळे लकाकले.

"बुधवारी दीडला मोकळे असता का?"

"तासाचे किती देता?"

मी आकडा सांगितला. तो सिंकखालून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा आकडा सांगितला. मग मीच टॉर्च धरली.