मलाजखंडचं तांबं घरबसल्या वाढवा

मलाजखंडच्या खाणीत शंभर किलो खनिज काढलं, तर तांबं निघतं जेमतेम किलोभर. त्यासाठी हिंदुस्थान कॉपरला १९८२ पासून डोंगर पोखरावा लागला, आता उघड्या खाणीखाली बोगदे. तुम्हाला मायक्रोस्कोप, पॉलिश केलेला दगडाचा तुकडा आणि फुकटातलं फिजी पुरे. फोटो मोजणाऱ्या इमेजजेवरच उभं असलेलं हे सॉफ्टवेअर प्लगइनांसकट मिळतं.

१. मायक्रोस्कोपखाली दगडाचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून ते जोडायचे असतात. शेजारशेजारच्या फोटोंत पुरेसा भाग सामाईक ठेवा, असं जाणकार बजावतात. तुम्ही नावापुरता ठेवा. जोडणारं प्लगइन भिडस्त असतं, 'जमत नाही' म्हणवत नाही त्याच्याने. एकच कण दोनदा उमटला, तर तांबं दुप्पट!

२. उजेड मधोमध जास्त पडतो, कोपरे काळवंडतात. एकसारख्या कोऱ्या पृष्ठभागाचा फोटो काढून त्यानं प्रत्येक फोटोला भागायचं असतं. कंटाळा आला ना? साहजिक आहे. दुसऱ्या भिंगाचा, मागच्या वर्षीचा फोटो वापरा. नाहीतर 'बेसिक' हे प्लगइन घ्या. ते फोटोंच्या गठ्ठ्यातूनच सावली ओळखतं. त्याला गठ्ठा मोठा लागतो. तुम्ही तीन द्या.

३. आता खरी कमाई. चाल्कोपायराइट पितळी पिवळं, त्यात तांबं. पायराइट फिकट, त्यात नुसतं लोखंड आणि गंधक. डोळ्यांना फरक लगेच कळतो, म्हणून आधी रंग काढून टाका. फोटो आठ बिटचा करा. करड्या छटांत पायराइट चाल्कोपायराइटपेक्षाही उजळ दिसतं. मग ठरावीक छटांचाच भाग निवडणारं 'थ्रेशोल्ड' उघडा, खालची पट्टी जरा डावीकडे ओढा आणि वरची थेट २५५ वर ठेवा. दोन्ही खनिजं एकदम लाल झाली की क्षेत्रफळ मोजा. आकडा कमी वाटला तर पट्टी आणखी ओढा. घाई नको, ज्याला पटवायचंय त्याच्या चेहऱ्याकडे बघत ओढा.

४. 'मॅक्रो रेकॉर्डर' चुकूनही चालू ठेवू नका. तो मेला तुमची प्रत्येक पायरी लिहून ठेवतो. मूळ टिफ फाइल पुसा, जेपेग ठेवा. तक्ता रंगीत काढा, दशांश चिन्हानंतर चार आकडे द्या. चौथ्या आकड्यावर संशय घेण्याची कुणाची छाती होत नाही.

५. एखाद्यानं सेटिंग विचारलीच, तर 'डिफॉल्ट' म्हणा आणि चहा मागवा.