व्हॅन आली होती ना शुक्रवारी!

अहो, ऐकलंत का? बर्फ राहू दे हो वहिनी, वितळेल दुपारपर्यंत. जरा इकडे या. शुक्रवारी आमच्या मूळच्या वसईच्या ताईंच्या दारात ती लांबलचक व्हॅन उभी होती ना, मागे ट्रेलर लावलेली? ह्यांना वाटलं कुणी घर बदलतंय. छे! नेट मिनिस्ट्रीजची पोरं ती. आपल्या सेंट पॉलचीच संस्था, १९८१ पासूनची. आता कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठे कुठे पोचलीय! ऑगस्टपासून पाच आठवडे ट्रेनिंग घ्यायचं, की मे उजाडेपर्यंत नुसती भटकंती. आज ह्या पॅरिशमध्ये, उद्या त्या. शाळकरी मुलांची रिट्रीट घ्यायची आणि रात्री ज्यांच्याकडे सोय होईल तिथे पाठ टेकायची.

आता मला सांगा, ऐन विशीतली मुलं-मुली, नऊ महिने एका गाडीत... मला तर आधी भलतंच सुचलं. खोटं कशाला बोलू? ताईंना विचारलंच मी, "ह्यांच्यात कुणाचं काही जुळत नाही का हो?" तर म्हणाल्या, "वर्षभर डेटिंग बंद. तसं कबूल करूनच येतात." असं का? म्हटलं बघू या. दोन दिवस पडद्याआडून लक्ष ठेवलं मी! मुली ताईंकडे, मुलं कोपऱ्यावरच्या आजीआजोबांकडे. काही म्हणजे काही नाही हो. एक मुलगा ट्रेलरमधून स्पीकर उतरवताना एका मुलीवर खेकसला तेवढा. तीही ऐकून घेणारी नव्हती. आणि पाच मिनिटांनी बघते तर दोघं त्या थंडीत उभं राहून एकमेकांची माफी मागतायत! आमच्या घरात इतक्या वर्षांत अशी माफी कुणी मागितली असेल तर शपथ.

तर काय सांगत होते... हां, जेवण. शुक्रवार, त्यात त्यांचा उपवासकाळ, म्हणजे मटण-चिकन नाही. ताईंनी कोलंबीचं कालवण केलं आणि फुगे तळले, ते गोल गोल पाव. पोरी बिचाऱ्या जिथे जातील तिथे पिझ्झा नाहीतर लझानिया खाऊन आलेल्या. त्यातली एक नेब्रास्काची, सोनेरी केसांची. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी, नाक लाल! ताईंचा चेहरा पडला. पण पोरीनं नाक पुसलं, "इट्स सो गुड" म्हणाली आणि तिसरा फुगा उचलला. ताटात येईल ते गोड मानून घ्यायचं, सवयच झालेली त्यांना. मग हळूच विचारते कशी, "वॉशिंग मशीन वापरू का?" साठलेले कपडे हो सगळे!

आणि रात्रीची गंमत... हसू नका. एक जण बाथरूम शोधत पॅन्ट्रीत शिरली आणि तांदळाच्या डब्यावर आपटली. करणार काय, रोज नवं घर, दिव्याचं बटण रोज वेगळ्या भिंतीवर. मला विचाराल तर डेटिंग सोडणं त्यामानानं सोपं. रोज सकाळी परक्याच्या स्वयंपाकघरात उठून हसऱ्या चेहऱ्यानं "गुड मॉर्निंग" म्हणायचं, ते नऊ महिने? मला चार दिवस नणंदेकडे जमत नाही.

अहो पण खरी बातमी पुढेच आहे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये रिट्रीट झाली. खेळ, स्किट, गिटार, मग लहान लहान गटांत बसून गप्पा. त्यात एकानं उभं राहून स्वतःचीच कहाणी सांगितली, आईवडील वेगळे झाले तेव्हाची. ताईंचा धाकटा, जो एरवी ओढून न्यावा लागतो, तो म्हणे शेवटपर्यंत बसून होता. आणि रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर म्हणतो, "कॉलेज वर्षभर पुढे ढकलतो. मला नेटवर जायचंय."

भाऊजींनी रिमोट उचलला आणि बंद असलेला टीव्ही बंद केला.

मग विचारतात काय? "इन्शुरन्स कुणाचा?" मग, "गाडी कोण चालवतं?" तर टीममधलीच मुलं. मग म्हणाले, "पगार?" पोरगा म्हणतो, "पगार कसला? उलट आपणच लोकांना पत्रं लिहून निधी उभा करायचा." इंजिनिअरिंगची ॲडमिशन हातात असलेला मुलगा, आणि दारोदार पैसे मागणार! भाऊजी जे उठले ते गाडी घेऊन तासभर कुठे फिरले कोण जाणे.

आणि ताई? रोज संध्याकाळी रोझरी म्हणायला लावणाऱ्या ताई! दोन दिवस त्या पोरांचं कौतुक करून तोंड दुखलं नव्हतं, आणि आता गप्प. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, तसलाच प्रकार. मी काही बोलले नाही हो. फक्त एवढंच म्हटलं, "बरं होईल, तुमच्या फुग्यांची आठवण काढत लझानिया खाईल." त्यांना नाही आवडलं.

शेवटी वसईहून ताईंच्या सासूबाईंचा फोन आला. भाऊजींनी मोठ्या आशेनं स्पीकरवर टाकला, की आई तरी चार शब्द सुनावेल. म्हातारी म्हणते, "तू सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर मुंबईला पळाला होतास, ते सांगितलंस का पोराला?" फोन स्पीकरवर असल्याचं तिला कळलंच नव्हतं... पोरगा हसून हसून लोळला म्हणे.

तेव्हापासून भाऊजी जरा नरमलेत. जा म्हणालेले नाहीत, पण जाऊ नको असंही नाही. कॉलेजला ईमेल मात्र स्वतःच टाकलाय, वर्षभर जागा राखून ठेवतात का म्हणून. आणि पोरगा बसलाय यादी करत, कुणाकुणाला पत्र पाठवायचं त्याची. पहिलं नाव आमच्या ह्यांचं. दुसरं तुमच्या घरचं आहे म्हणे, वहिनी. चेक चालतो. दरमहा थोडे थोडे दिले तरी चालतात.