सासू-सासरे, कुकर आणि ४,८०० पौंडांचं घर

पिकअप ट्रकच्या मागच्या बंपरखाली दोन इंची चौकोनी खोबण असते. तिला रिसीव्हर म्हणतात. ट्रक घेताना ती कोणी मुद्दाम मागत नाही, पण एकदा ट्रक दारात आला की ती रिकामी बघवत नाही. डेन्व्हरमधल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या ट्रकमागं काही ना काही जोडलेलं असायचं. कुणाची होडी, कुणाचा घोड्यांचा ट्रेलर, कुणाचं अख्खं चाकांवरचं घर. माझ्या खोबणीत तेवढं काळं प्लास्टिकचं बूच होतं. शनिवारी सकाळी शेजारी डोंगराकडे निघायचे, आणि मी दोनशे सत्तर अश्वशक्तीचं इंजिन सुरू करून इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर आणायला निघायचो.

माझा ट्रक मिडसाइझ. टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेवरले कोलोरॅडो, निसान फ्रंटियर या पंगतीतला. अमेरिकेत याला छोटा ट्रक म्हणतात. आमच्या सासुरवाडीच्या गल्लीत तो शिरला असता, तर दोन्हीकडच्या ओट्यांवरची माणसं उठून आत गेली असती. जाहिरातीच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ओढण्याची क्षमता ६,५०० पौंड. म्हणजे जवळजवळ २,९५० किलो. मी वाचन तिथंच थांबवलं. पुस्तिका पुढं बरीच होती, आणि पुढची अक्षरं बारीक होती.

मग कँपर ट्रेलर आला. रिकामं वजन ३,८०० पौंड, सामानसुमान भरून जास्तीत जास्त ४,८००. मी विक्रेत्यासमोरच वजाबाकी केली. १,७०० पौंड शिल्लक! एवढी शिल्लक मला माझ्या कुठल्याच खात्यात कधी दिसली नव्हती. विक्रेत्यानं माझ्या गणिताचं कौतुक केलं. तो त्या दिवशी कशाचंही कौतुक करायला तयार होता.

तो ६,५०० चा आकडा कसा ठरतो, हे मला पुढं कळलं. एसएई जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे. त्याच्या कसोटीत ट्रक आणि ट्रेलर ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर चढवतात, वेग किती टिकतो ते बघतात. कसोटी कडक आहे, शंका नाही. फक्त तिच्यात ट्रकमध्ये एक ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस धरलेला असतो, प्रत्येकी १५० पौंडांचा. सासू, सासरे, मुलगा, पाच लिटरचा कुकर आणि ज्वारीच्या पिठाचा डबा एसएईनं धरलेला नाही.

सासू-सासरे त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. सासरे वाळवा तालुक्यातले. हयात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस घालण्यात गेलेली. मी त्यांना कँपर दाखवला. त्यांनी भोवती एक फेरी मारली, टायरवर टाच मारली आणि विचारलं, "एकच ट्रॉली?" मला तो होकारच वाटला.

सासूबाईंचं माहेर जत तालुक्यातलं. नळाला पाणी दिसलं की आधी भरून घ्यायचं, बाकीचं नंतर, हा तिकडचा संस्कार. कँपरला चाळीस गॅलनची टाकी आहे म्हटल्यावर त्यांनी ती काठोकाठ भरून घेतली. अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड. म्हणजे आम्ही साधारण १५० किलो पाणी घेऊन एका मोठ्या तलावाच्या काठी निघालो होतो, जिथं कँपग्राउंडवर नळ होता. टाकी कँपरच्या मागच्या अंगाला. स्वयंपाकघरही मागच्या अंगाला, म्हणून कुकर, मिक्सर, लोखंडी तवे आणि वीस पौंडांची तांदळाची पिशवी तिथंच गेली. सायकली कुठं लावायच्या? मागच्या बंपरवर जागा होतीच.

ट्रक मागं घेऊन त्याच्या जोडणीच्या गोळ्यावर कँपरची पुढची दांडी बसवण्याच्या कार्यक्रमाला शेजारी खुर्च्या घेऊन आले होते, एवढंच सांगतो. बायको मागं उभी राहून "ये, ये, ये, अरे बास!" म्हणायची. "ये" आणि "बास" यांच्यामध्ये दर वेळी सहा इंच जास्त जायचे.

विक्रेत्यानं वजन विभागणारी हिच, म्हणजे ट्रक आणि कँपरमधली जोडणी, आणि तिच्या दोन पोलादी दांड्या दिल्या होत्या. त्या दांड्या वळणावर कर्कश करकरतात. सासूबाईंना झोप लागावी म्हणून मी त्या काढून ट्रकच्या हौद्यात टाकल्या. डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकचा एक डबा बसवलेला होता, त्याला हातानं दाबायचा खटका. त्यावर चिरंजीवांची टोपी अडकवायला सोय झाली.

डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० महामार्गानं निघालं की आधी चढ लागतो. चढावर सगळं ठीक चाललं होतं, कारण वेगच नव्हता. मग फ्लॉइड हिलचा उतार आला. खाली क्लिअर क्रीकची दरी, समोर वळण, आणि डावीकडून अठरा चाकांचा एक ट्रक आम्हाला ओलांडू लागला. एवढ्या मोठ्या ट्रकपुढं हवेचा लोट चालत असतो. तो आधी कँपरला बाजूला ढकलतो, नंतर आत ओढतो. मला आरशात कँपरची डावी बाजू दिसली. मग उजवी. मग पुन्हा डावी, पहिल्यापेक्षा जास्त. मागच्या सीटवरून रामरक्षा सुरू झाली.

अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं दाबायचा, असं शास्त्र आहे. म्हणजे मागचं धूड मागं ताणलं जातं आणि रांगेत येतं. ट्रकचा ब्रेक दाबला तर ट्रक थांबू बघतो, कँपर मागून ढकलतो आणि डुलणं वाढतं. मी अर्थातच ट्रकचा ब्रेक दाबला. सासऱ्यांनी शेजारून शांतपणे टोपी काढली, खटका दाबला आणि दाबून धरला. दोन-तीन हेलकाव्यांत कँपर ताळ्यावर आला. "ह्ये कशाला हाय, असं मगापास्नं इचारणार हुतो," ते म्हणाले.

आयडाहो स्प्रिंग्जला एका मोकळ्या पार्किंगमध्ये आम्ही थांबलो. सासऱ्यांनी कँपरची पुढची दांडी हातानं दाबून पाहिली, मागं जाऊन सायकलींकडे पाहिलं आणि निदान केलं.

"जावईबापू, मागं बोजा लई झालाय. गाडी उलाळ झालीया."

बैलगाडीत ऊस मागं जास्त पडला की जू वर उचलतं. बैलाच्या मानेवर वजन राहत नाही आणि गाडी बैलालाच हलवायला लागते. अमेरिकी माहितीपुस्तकं हेच टक्केवारीत सांगतात: ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकच्या गोळ्यावर यायला हवा, त्याहून कमी झाला तर ट्रेलर डुलतो. सासऱ्यांनी टक्के काढले नाहीत. "बैलाच्या मानंला गाडी कळली पायजे," एवढंच म्हणाले.

मग उपसा सुरू झाला. टाकीची तोटी सोडली. चाळीस गॅलन पाणी वाहून जाताना सासूबाईंनी तोंड फिरवलं. सायकली हौद्यात गेल्या, तांदूळ आणि तवे कँपरच्या पुढच्या कप्प्यात. दांडीवर भार आला, तसा ट्रकचा पार्श्वभाग खाली बसला आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागले. करकरणाऱ्या त्या दांड्या हौद्यातून काढून बसवल्या, तेव्हा काही भार पुढच्या चाकांकडे सरकला आणि ट्रक जरा ताठ झाला. "आता झालं," असं मी म्हणणार, तोच ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "अरे, इथं काहीतरी लिहिलंय."

दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका. आमच्या दारावर आकडा होता १,०८०. म्हणजे ४९० किलो.

"पण आपला ट्रक ६,५०० ओढतो," मी म्हणालो.

"ओढतो. उचलतो किती ते इथं लिहिलंय," ती म्हणाली. ती हिशेबतपासनीस आहे.

पेट्रोलच्या पावतीमागं तिनं गणित मांडलं. भरलेला कँपर ४,८०० पौंड. त्याचे १३ टक्के गोळ्यावर, म्हणजे सुमारे ६२५. हा भार ट्रकच्या पाठीवरच पडतो, म्हणून तो १,०८० मधूनच वजा. हिच आणि तिच्या दांड्या ८०. उरले ३७५. "तुझं वजन?" मी १८० म्हणालो. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि १९० लिहिलं. सासरे १५०. उरले ३५ पौंड, आणि त्या ३५ पौंडांत बसायचं होतं बायकोला, सासूबाईंना, चिरंजीवांना, चार सायकलींना, बर्फाच्या पेटीला आणि जनरेटरला. बायकोनं स्वतःचं वजन पावतीवर लिहिलं नाही. गणित तिच्या वजनाशिवायही तुटलेलं होतं.

सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. पण गाडी चालवायचा परवाना असलेल्यांपैकी कँपर चालवायला तयार असलेला मी एकटाच होतो, म्हणून वाचलो. महाराष्ट्र मंडळातलं एक कुटुंब मिनिव्हॅन घेऊन त्याच कँपग्राउंडला मागून येत होतं. त्यांना फोन झाला. सासूबाई, बायको, चिरंजीव, जनरेटर, पेटी आणि तांदूळ त्यांच्या गाडीत गेले. सायकली त्यांच्या मागं लागल्या. अशा रीतीनं कुटुंबानं एकत्र सहल करावी म्हणून घेतलेल्या कँपरबरोबर मी आणि सासरे उरलो, आणि कुटुंब गरम होणाऱ्या सीटवर बसून आमच्यापुढं निघून गेलं.

पुढचा चढ आयझेनहॉवर बोगद्याचा. पश्चिमेकडे जाणारा हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला, उंची ११,१५८ फूट. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागं सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी एक तृतीयांश इंजिन विरळ हवेत गायब. कोथिंबिरीच्या फेऱ्यांना पुरून उरणारी अश्वशक्ती इथं रजेवर गेली. सर्वांत उजव्या लेनमध्ये, चारही दिवे लुकलुकवत, मालट्रकांच्या रांगेत आम्ही चढलो. मिनिव्हॅनमधून फोन आला, "आम्ही पोचलो. भजी तळतोय."

बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. कडेला मऊ खडीचे चढते रस्ते दिसतात.

"ह्यो रस्ता कुटं जातुया?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुठंच नाही. ब्रेक गेलेल्या ट्रकांना थांबण्यासाठी आहे."

"मग जरा त्याच्या जवळनंच चला."

चालत्या ट्रकला खालच्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेक अधूनमधून दाबून सोडत आम्ही उतरलो. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. हे मला माहीत होतं. माहीत असलेली एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी तोंडानं तीनदा सांगितली.

डिलन जलाशयाच्या काठच्या कँपग्राउंडवर शेवटची परीक्षा होती: कँपर उलटा जागेत घालणं. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की कँपर डावीकडे जातो. ते सुधारायला डावीकडे वळवलं की तो आणखी काहीतरी तिसरंच करतो, आणि मग ट्रक आणि कँपर काटकोनात समोरासमोर बघू लागतात. भजी खाणारी मंडळी ताटं घेऊन रस्त्यावर आली. मी मोठ्या आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं. दोन-दोन ट्रॉल्या हाकलेला माणूस!

"आमी डबल ट्रॉली मागं घेतच न्हाई," ते म्हणाले. "कारखान्यात पुढनं जायाचं, पुढनंच भायेर."

पुढून शिरून पुढून बाहेर पडण्याच्या जागाही कँपग्राउंडवर असतात. त्यांचं भाडं जास्त असतं, म्हणून मी त्या घेतल्या नव्हत्या. अखेर शेजारच्या भल्यामोठ्या कँपरमधून सत्तरीच्या एक आजी उतरल्या, त्यांनी माझा हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला आणि सांगितलं, "कँपर जिकडे न्यायचा, हात तिकडे." पुढच्या प्रयत्नात कँपर जागेत शिरला. टाळ्या पडल्या. त्या आजींना होत्या.

परतल्यावर घराजवळच्या ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केलवर सगळ्यांना पुन्हा ट्रकमध्ये बसवून वजन केलं. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर असे तीन आकडे छापून मिळतात. इंजिनानं तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. पाठीनं करावी असं भरपूर होतं. बायकोनं ती पावती फ्रिजवर चिकटवली.

आता तो कँपर विकला आहे. आमच्याकडे २,००० पौंडांच्या आतला एक छोटा टिअरड्रॉप ट्रेलर आहे. सासू-सासरे आले की ते त्यात झोपतात आणि आम्ही बाहेर तंबूत. सासूबाई अजून टाकी किती लिटरची म्हणून विचारतात.

तुम्हीही मिडसाइझ पिकअप आणि कँपर घ्यायच्या विचारात असाल, तर जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवा. आधी ट्रकचं दार उघडा, स्टिकरवरचा आकडा घ्या. त्यातून भरलेल्या कँपरचे १३ टक्के वजा करा, हिच वजा करा, मग घरातली माणसं खऱ्या वजनानिशी वजा करा. उत्तर शून्याच्या खाली आलं, तर नातेवाईक कमी करू नका. कँपर लहान घ्या.