वाढत्या अंगाची फी

पाळणाघर आणि शाळा या दोन्ही संस्था एकाच मुलाची फी घेतात, पण वयाचा हिशेब उलट्या बाजूंनी मांडतात. पाळणाघराची फी मूल जितकं लहान तितकी जास्त. शाळेची फी मूल जितकं मोठं तितकी जास्त. मूल अडीच-तीन वर्षांचं होतं त्या सुमारास या दोन रेषा एकमेकींना छेदतात. भूमितीत छेदनबिंदूला लांबी-रुंदी नसते. इथे तो चांगला वर्ष-दोन वर्षं लांब असतो आणि तेवढा काळ दोन्ही फी एकदम भराव्या लागतात, कारण नर्सरी तीन तासांची असते आणि ऑफिस नऊ तासांचं.

पाळणाघरात सर्वांत वरचा दर तान्ह्याचा. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे जिला ती मिळते तिचंही मूल पाळणाघराच्या दारात येतं तेव्हा धड बसत नसतं. त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन घातलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ज्या ऑफिसात ही सोय शोधूनही सापडत नाही, तिथली आई सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांकडे वळते. तिथे सहा महिन्यांच्या मुलाची फी चार वर्षांच्या मुलाच्या फीपेक्षा जास्त आहे असं कळलं की नवे पालक गडबडतात. ‘एवढुसं तर आहे, जागा ती किती घेणार!’ हा त्यांचा पहिला युक्तिवाद. परंतु फी जागेची नसते, हातांची असते. तान्ह्याला भरवायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, पुसायचं, बदलायचं, थोपटायचं, आणि ते झोपलं की त्याच्या शेजारचं उठतं.

हा हातांचा हिशेब इंग्लंडमध्ये नियमातच लिहून ठेवलेला आहे. तिथल्या नर्सरीत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक कर्मचारी लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पाचास एक आहे (सप्टेंबर २०२३पूर्वी ते चारास एक होतं), आणि तीनच्या पुढे आठास एक. त्या वर्गावर पात्रताधारक शिक्षक असेल तर एकाच्या अंगावर तेरा मुलं दिली तरी चालतात. हिशेबाला सोयीचे म्हणून कर्मचाऱ्याचे तासाला १२ पौंड धरले, तर तान्ह्याच्या वाट्याला त्यातले ४ येतात, दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला २.४० आणि तीन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला दीड. वाढदिवसागणिक मूल स्वस्त होत जातं. यात सरकारी तासांची भर पडते. सप्टेंबर २०२५पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास सरकार देतं. मात्र मूल नऊ महिन्यांचं झालं म्हणून ते तास त्याच दिवशी सुरू होत नाहीत. १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबर, यांतली पुढची जी तारीख असेल तोवर थांबावं लागतं. ३० जूनला जन्मलेल्या मुलाला १ एप्रिललाच सवलत लागू होते. २ जुलैला जन्मलेलं मूल २ एप्रिलला नऊ महिन्यांचं होतं आणि थेट सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी भरतं. तिकडच्या मराठी घरात पत्रिका करायला जन्मवेळ इकडे कळवतात. जन्मतारखेचा खरा फलादेश मात्र नर्सरीच्या बिलात छापून येतो.

इकडे हेच गणित पाळणाघराच्या मावशींच्या तोंडी असतं. त्यांच्या दरपत्रकात वयापेक्षा टप्प्यांना किंमत: बसणं, चालणं, हाताने जेवणं आणि शी-शू सांगणं. शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण डायपर सुटला की दर उतरतो. साहजिकच तो घरी आधी सुटतो आणि पाळणाघरात नंतर. सोमवारी सकाळी आई-बाबा छाती काढून सांगतात, ‘मावशी, सुटला हं आता डायपर!’ मावशी काही बोलत नाहीत. पिशवीची चेन उघडून आत किती चड्ड्या दिल्यात तेवढं बघतात. सहा असतात. इतका आत्मविश्वास असलेल्या पालकांनी सहा चड्ड्या का द्याव्यात, हा प्रश्न त्या विचारत नाहीत. संध्याकाळी मूल न्यायला यावं तर खिडकीच्या गजाला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवर पाच चड्ड्या ओळीने वाळत असतात, चिमटे लावून, आणि सहावी मुलाच्या अंगावर असते. दर पुढच्या महिन्यापर्यंत तोच राहतो.

इथे वयाबद्दल थोडं विषयांतर आवश्यक आहे. नसलं तरी ते केलं जाईल. महाराष्ट्रात एकाच मुलाला एकाच आठवड्यात तीन निरनिराळी वयं असू शकतात. शाळेच्या खिडकीवर ते मोठं असतं. नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं ३१ डिसेंबरला पूर्ण हवीत, असा राज्याचा नियम आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचे पालक त्या तारखेकडे अशा नजरेने बघतात की जणू डॉक्टरांनी जरा मनावर घेतलं असतं तर एक अख्खं वर्ष वाचलं असतं. पाळणाघरात तेच मूल सोयीप्रमाणे लहान-मोठं होतं: खाऊ-पिऊ घालायच्या बाबतीत ‘लहान आहे हो अजून’, फीच्या बाबतीत ‘मोठा झालाय आता’. आणि एसटीत ते कायमचं साडेचार वर्षांचं असतं. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. रेल्वेतही पाचपर्यंत फुकट, पुढे बारापर्यंत अर्धं. मात्र एप्रिल २०१६पासून स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, त्यामुळे मूल एका रात्रीत प्रौढ होतं किंवा बापाच्या कुशीत पाय दुमडून झोपतं.

एसटीत हे प्रकरण आणखी रंगतं, कारण तिथे वरच्या टोकालाही सवलत आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. त्यामुळे एकाच बाकावर आजोबांचं वय वाढत असतं आणि नातवाचं घटत असतं. आजोबांना निदान ओळखपत्र दाखवावं लागतं. नातवाच्या बाबतीत कंडक्टर पालकांना काहीच विचारत नाही. तो आधी मुलाचे पाय खाली टेकतात का ते बघतो आणि मग थेट मुलाशी बोलतो, ‘काय बाळा, कितवीला?’ ज्या मुलाच्या फीत ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ नावाचं एक कलम वर्षभर भरलेलं असतं, ते मूल सीटवर उभं राहून, खणखणीत आवाजात, पूर्ण वाक्यात, इंग्रजीत उत्तर देतं. नाव, शाळा, सिनिअर केजी, तुकडी, वय पाच पूर्ण आणि वाढदिवसाला झालेला डायनोसॉरचा केकसुद्धा. कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. त्या कलमाचा फायदा सिद्ध झालेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात हा एकमेव प्रसंग आहे, आणि त्या अर्ध्या तिकिटाला लेखकाने हरकत घेतली नाही, कारण उच्चार खरोखरच चांगले होते. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी ‘कोणती शाळा?’ असं विचारल्यावर तर तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

मुलाचं खरं वय पाळणाघरातल्या मावशींना माहीत असतं. खालचे दात कधी आले, कुशीवर कधी वळलं, कुठल्या डाळीने पोट बिघडतं, झोपताना कोणता कान धरतं. पहिलं पाऊलसुद्धा पुष्कळदा तिथेच पडतं, मंगळवारी दुपारी वगैरे, आई मीटिंगमध्ये आणि बाप कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये असताना. मुरलेल्या मावशी ते सांगत नाहीत. ‘एक-दोन दिवसांत चालेल असं वाटतंय, लक्ष ठेवा हं,’ एवढंच म्हणतात. शनिवारी घरी पाऊल पडतं, व्हिडिओ निघतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. मूल चालायला लागलं म्हणून पुढच्या महिन्यापासून फी थोडी कमी होते.

शाळेत गणित फिरतं. प्लेग्रुपपेक्षा नर्सरी महाग, नर्सरीपेक्षा ज्युनिअर, ज्युनिअरपेक्षा सिनिअर. या काळात मूल स्वतःचं स्वतः जेवायला लागलेलं असतं, बाथरूमला जायचं सांगतं, बूट घालतं, दुसऱ्याचे का असेना. मोठ्या माणसांचे कष्ट कमी होत जातात आणि पावतीवरचा आकडा चढत जातो. वर्गात मुलं वाढतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणारे हातही कमीच होतात. मग वाढतं काय? पावतीवरची कलमं. प्रवेश फी, टर्म फी, अनामत, अ‍ॅक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, स्नेहसंमेलन. त्याच स्नेहसंमेलनात मुलाला वांगं व्हायचं असतं आणि वांग्याचा पोशाख भाड्याने आणायचा खर्च त्या कलमात धरलेला नसतो.

या चढत्या फीचं खरं कारण वेगळंच आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी पालक नर्सरी विकत घेत नाहीत, दहावीपर्यंतची जागा अडवून ठेवतात. मोठ्या शाळेत पहिलीला आयत्या वेळी दार उघडत नाही. ते नर्सरीतच उघडतं आणि पुन्हा बंद होतं. शिक्षण हक्क कायद्याने २००९मध्येच कॅपिटेशन फी आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी यांना मनाई केली. म्हणून हल्ली मुलाखती होत नाहीत. मुख्याध्यापिकाबाई सहज गप्पा मारायला बोलावतात आणि त्या सहज गप्पांसाठी बाप इस्त्रीचा शर्ट घालून जातो. एकदा मूल आत गेलं की दर वर्षी वाढलेली फी भरण्यावाचून गत्यंतर नसतं, हे शाळेलाही ठाऊक असतं. कुठल्याही दुकानदाराला असं बांधलेलं गिऱ्हाईक मिळत नाही.

अर्थात पालक हे निव्वळ बळी असतात, असं मानणं शास्त्राला धरून होणार नाही. प्रस्तुत लेखक नर्सरीच्या फीचा आकडा ऑफिसात वरच्या हजारात सांगतो आणि आईला खालच्या हजारात. ऑफिसात सांगताना सुरात तक्रार असते, ‘लूट आहे हो नुसती!’ आणि ती तक्रार करताना चेहरा दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा दिसतो, असं एका सहकाऱ्याचं निरीक्षण आहे. दुसऱ्या सहकाऱ्याने आपल्या मुलीच्या शाळेचा त्याहून मोठा आकडा सांगितला, तेव्हा लेखकाचा तो दिवस वाईट गेला. फी कमी आहे याचं दुःख पालकाला होऊ शकतं, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

ज्या कामाची फी शून्य आहे, त्याचा उल्लेख इथे करायला हवा. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेलं, आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं, हा त्यांचा खाक्या. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी देशभर गेली: सहा वर्षांखालची मुलं, पोषण आहार, लसीकरण, वजन, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीचं शिक्षण. फी नाही. ही सगळी कामं एक सेविका आणि एक मदतनीस करतात, शिवाय रजिस्टरं भरतात आणि मोबाइलवर माहिती चढवतात. आणि त्यांना जे मिळतं ते पगार नव्हे, मानधन. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. पाळणाघरातल्या मावशींसाठी तर न्यायालयात जायचीही कोणाला आठवण झालेली नाही. मुलाची फी कितीही चढो वा उतरो, त्याला पुसणाऱ्या बाईच्या हातात पडणारी रक्कम हललेली क्वचितच दिसते. लहान मूल सांभाळायला काय अक्कल लागते, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्याकडे एका रविवारी दोन तान्ही मुलं सोपवून सिनेमाला निघून जावं.

सरकारने पालकांच्या खर्चाचीही दखल घेतली आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंत शिकवणी शुल्काची वजावट मिळते, त्यात नर्सरीही धरतात. डेव्हलपमेंट फी आणि देणगी नाही. वांग्याचा पोशाख कुठल्याच कलमात बसत नाही. पगारात मुलांचा शिक्षण भत्ता मिळत असेल तर जुन्या नियमांत त्यातले दरमहा १०० रुपये प्रत्येक मुलामागे करमुक्त होते. फी भरायच्या रांगेत हा आकडा आठवला की मन हलकं होतं.

पहिलीत गेल्यावर पाळणाघराचा दर अर्ध्या दिवसाचा होतो, मे महिन्यात पुन्हा पूर्ण दिवसाचा. मावशी आता अभ्यासही घेतात आणि त्याचे वेगळे पैसे मागायला लाजतात. धाकटं भावंड त्याच पाळणाघरात आलं तर थोरल्याच्या फीत सूट मिळते, कारण थोरलं धाकट्याला खेळवतं. चौथी-पाचवीत मुलाच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात घराची किल्ली येते आणि पाळणाघराची फी बंद होते. त्याच महिन्यात क्लासची फी सुरू होते. तिचा वयाशी असलेला संबंध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.