काहीही नसण्याची सोय

कॅलिफोर्नियात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडच्या दारातून, म्हणजे टायोगा खिंडीतून, बाहेर पडलं की दोन मैलांच्या आत टायोगा लेक लागतो. उंची सुमारे ९,७०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पटीहून जास्तच. तळ्याच्या काठी इन्यो राष्ट्रीय वनाचं एक कॅम्पग्राउंड आहे. तंबूंच्या जागा जेमतेम डझनभर. तिथे वीज नाही, नळजोड नाही, मोरी नाही, अंघोळीची सोय नाही. घराएवढी मोटार घेऊन फिरणाऱ्या अमेरिकन माणसाला कॅम्पग्राउंडवर वीज, पाणी आणि सांडपाणी असे तीन जोड मिळायची सवय असते; इथे तिन्ही नाहीत. आणि उन्हाळ्यात उशिरा पोहोचलात तर जागाही नाही. तरीही सॅन होजे नि फ्रीमाँटकडची मराठी मंडळी पाच-सहा तास गाडी हाकत अशा ठिकाणी येतात, पैसे भरतात आणि जुलैच्या रात्री कानटोपी घालून कुडकुडत झोपतात. ज्याच्या घरात तीन बाथरूम आहेत, त्याने एकही बाथरूम नसलेल्या जागेचं भाडं का द्यावं? ‘निसर्गासाठी’ हे उत्तर मला पटत नाही. निसर्ग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवूनही फुकट दिसतो. माझं म्हणणं असं, की इथे पैसे पडतात ते व्यवस्थेचे. जंगलात ‘काहीही नसणं’ आपोआप होत नाही. ते सरकारी पातळीवर आखावं लागतं, बांधावं लागतं आणि रोज राखावं लागतं.

पुरावा हवा असेल तर शंभरेक वर्षं मागे जायला हवं. १९२० च्या दशकात अमेरिकेत सर्वसामान्य माणसाच्या हाती मोटार आली आणि ती त्याने थेट झाडाच्या बुंध्याला नेऊन लावली. वाटेल तिथे गाडी, वाटेल तिथे चूल, वाटेल तिथे दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. थोडक्यात, आपल्याकडच्या कुठल्याही धबधब्यावरचा जुलैचा रविवार. तेव्हा एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाला मोठमोठ्या झाडांची तब्येत तपासायला बोलावण्यात आलं. त्याने झाडांना लागलेली कीड ओळखली, ती माणसांची. चाकांनी आणि पावलांनी मुळांवरची माती दाबून इतकी घट्ट होत होती की झाडं हळूहळू आटत चालली होती. १९३२ साली त्याने उपाय सुचवला: एकेरी वाहतुकीचा वळसा घेत जाणारा रस्ता, प्रत्येक कुटुंबाला गाडी लावायला एक ठरलेली खाच, तिच्याशेजारी एक हलवता न येणारं टेबल आणि एक पक्की चूल, आणि गाडी याच्यापलीकडे जाऊ नये म्हणून मोक्याच्या जागी मोठमोठे दगड. अमेरिकी वनखात्याच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर आजही हीच रचना दिसते. ज्या दगडाला टेकून लोक ‘किती नैसर्गिक आहे सगळं’ म्हणत फोटो काढतात, तो दगड बहुतेक वेळा कुण्या सरकारी माणसाने नकाशावर खूण करून तिथे आणून ठेवलेला असतो. त्याचं काम वाहतूक पोलिसाचं आहे, फक्त तो चिरीमिरी घेत नाही.

संडासाचंही तसंच. पाणी नाही, म्हणून सिमेंटच्या मोठ्या हौदावर एक दणकट खोली बांधलेली असते. आत एक भांडं, एक कागदाचं रीळ आणि भिंतीवर ‘यात कचरा टाकू नका’ अशी काकुळतीची सूचना. ती काकुळती खरी असते, कारण टाकलेली बाटली बाहेर काढायचं काम शेवटी कुणातरी कर्मचाऱ्याच्याच वाट्याला येतं. अमेरिकी वनखात्याच्या सॅन डिमास इथल्या अभियंत्यांनी या संडासाच्या वासावर रीतसर संशोधन केलं. हौदातून छताच्या वर जाणारा जाड नळ काळा ठेवायचा, उन्हाने तो तापला की आतली हवा वर चढते, वारा तिला ओढून नेतो आणि खोलीतली हवा भांड्यातून खाली खेचली जाते. म्हणजे बसणाऱ्याच्या नाकाकडे काही येत नाही, उलट त्याच्याकडचीच हवा खाली जाते. या पद्धतीला खात्याने अधिकृतपणे ‘सुवासिक संडास’ अशा अर्थाचं नाव दिलं. दावा जरा धाडसाचा आहे. पण ‘काही नाही’ असं ज्या जागेबद्दल म्हणतात तिथे हवेच्या प्रवाहाचं गणित मांडलेलं असतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं.

खरी व्यवस्था पाहायची तर अस्वलांच्या प्रकरणात पाहावी. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावरचं अस्वल ग्रिझली आहे. ते या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच संपवण्यात आलं. उरलं ते काळं अस्वल. ते माणसावर सहसा धावून येत नाही, त्याला रस असतो तो डब्यात. १९९८ या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांनी माणसांच्या मालमत्तेत तोंड घातल्याच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. मोटारीचं दार ही त्यांना अडचण वाटत नव्हती. २००१ ते २००७ या काळात फोडलेल्या गाड्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा असं दिसलं की उभ्या असलेल्या गाड्यांत मिनिव्हॅनचं प्रमाण जेवढं होतं त्याच्या मानाने अस्वलं मिनिव्हॅनच कितीतरी जास्त फोडत होती. कारणांचे अंदाज असे: मिनिव्हॅनमध्ये लहान मुलं असतात, मुलं खाऊ सांडतात, सांडलेल्याचा वास सीटमध्ये मुरतो, शिवाय मागच्या बाजूच्या काचा उचकटायला सोप्या, आणि काही मोजकी अस्वलं या कामात तरबेज झालेली असावीत. परदेशातल्या मराठी कुटुंबाने यावर विचार करावा, कारण त्याची गाडी बहुधा हीच असते आणि तिच्या सीटच्या फटीत दोन दिवाळ्यांचा चिवडा असतो.

उपाय म्हणून प्रत्येक जागेशी लोखंडी पेटी ठेवली. कडीवर झाकण, झाकणाखाली फट. माणसाची बोटं आत शिरून खटका दाबतात, अस्वलाचा पंजा शिरत नाही. नियम असा, की ज्याला वास आहे ते सगळं पेटीत. इथे आपली मंडळी फसतात. त्यांना वाटतं, खायच्या वस्तूंबद्दल बोलणं चाललंय. तसं नाही: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, बाम, चेहऱ्याला लावायचं क्रीम, बाळाचे ओले कागदी रुमाल, सगळंच. हिंगाची डबी त्या पेटीतून बाहेर काढल्यावर शेजारच्या पाइनच्या झाडालाही समजते, मग अस्वलाची काय कथा! पण पेट्या, दंड आणि सततची समज यांचा परिणाम झाला. योसेमिटीतल्या त्या घटना पुढच्या काळात नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. नियम माणसासाठी होते, सुधारला तोही माणूसच.

यावर पहिला आक्षेप येतो तो खऱ्या भटक्यांचा. रस्ता आखलेला, टेबल जखडलेलं, चूल लोखंडी कड्यात, रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. याला जंगल म्हणायचं की सहकारी गृहनिर्माण संस्था? आक्षेपात दम आहे. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडवर जनरेटर चालवायच्याही वेळा ठरलेल्या आहेत, सकाळी दोन तास, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. ज्यांनी लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून संसार केला त्यांचे डोळे भरून यावेत. जळणाचंही तेच. २०१२ नंतरच्या दुष्काळात आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे कॅलिफोर्नियाच्या जंगलांत बारा कोटींहून जास्त झाडं वाळली, तरी तुम्ही घरून लाकडं आणू नका, जिथे जाळायची तिथलीच विकत घ्या, असा आग्रह असतो. मेलेल्या झाडांच्या सान्निध्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली मोळी डॉलर मोजून घ्यायची, हे ऐकून कुणीही हसेल. पण आणलेल्या लाकडातून कीड एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाते, हे त्यामागचं साधं कारण आहे. आणि जे भटके याहून खोल जंगलात पाठीवर बिऱ्हाड घेऊन जातात, त्यांनाही परवाना काढावा लागतो आणि अस्वलाला न उघडणारा डबा खांद्यावर वाहावा लागतो. थोडक्यात, नियमाबाहेरचं जंगल तिथे कुणालाच मिळत नाही, आणि जंगल शिल्लक आहे ते त्यामुळेच.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. वीज नाही, नळ नाही, संडास लांब, चूल बाहेर: हे सगळं महाराष्ट्रातल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर बारा महिने फुकट मिळतं. त्यासाठी इतक्या लांब जाऊन डॉलर मोजणं ही श्रीमंतांची थट्टा नव्हे का? अंशतः आहे, हे कबूल करायला हवं. हंडा डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालणाऱ्या बाईला ‘ग्रामीण अनुभवा’चं माहात्म्य सांगायला जाऊ नये, ती हंडा डोक्यात घालेल आणि बरोबरच करेल. जिच्यातून सुटका नाही ती गैरसोय म्हणजे हाल, आणि जिच्यातून सोमवारी घरी परतता येतं ती सहल; या दोन्हींना एका मापाने मोजू नये. पण म्हणून दुसरीची किंमत शून्य ठरत नाही. बादलीभर पाणी आणून त्यात भांडी, हात आणि तोंड उरकायचं म्हटलं की पाणी किती लागतं आणि किती उधळलं जातं, हे शॉवरखाली वीस मिनिटं उभ्या राहणाऱ्या मुलाला निबंध लिहून कळत नाही.

मग सामानाचं काय? आपली मंडळी तर अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतात, असं शेजारच्या तंबूतला एक पाव आणि एक सॉसेज घेऊन आलेला गोरा माणूस मनात म्हणत असेल. त्याचं चुकतं. टायोगा लेकच्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ ठेवली तर गॅसचा डबा संपेल, वरण होणार नाही. त्या उंचीवर कुकर नेणं हा लाड नसून भौतिकशास्त्राचा आदर आहे, आणि त्या डझनभर जागांत ज्याच्याकडे शिट्टीचा कुकर आहे तोच एकटा विज्ञानाशी प्रामाणिक आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. पवना धरणाच्या काठावर ‘लेकसाइड कॅम्पिंग’ म्हणून जे चालतं, तिथे सगळं असतं: ओळीने लावलेले आयते तंबू, बार्बेक्यू, पडद्यावर सिनेमा, स्पीकरवर गाणी, झोका, सकाळी पोहे. स्थानिक पोरांना त्यातून रोजगार मिळतो, तो मिळावाच. पण तळ्याकाठी बसून तळं ऐकू येत नसेल, तर गिऱ्हाइकाला मिळालं काय? तंबूत झोपायचं लॉज. सोयी कमी करा असं म्हटलं की धंदा बुडेल ही भीती सांगितली जाते. टायोगा लेकच्या त्या काही न देणाऱ्या जागांसाठी उन्हाळ्यात सकाळपासून गाड्या घिरट्या घालतात, ही त्या भीतीवर पुरेशी साक्ष आहे. आपल्याकडे वनखात्याने किंवा एखाद्या ग्रामपंचायतीने एका काठावर तरी करून पाहावं: दहा-पंधरा आखलेल्या जागा, एक नीट बांधलेला संडास, गाड्या अडवायला चार मोठे दगड आणि स्पीकरला बंदी. दगड सह्याद्रीत मुबलक आहेत.

आणि ज्यांना तिकडे जायचंच आहे त्यांच्यासाठी: टायोगाचा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असतो, तेव्हा जुलै-ऑगस्ट धरा, सुट्टीचे वार टाळा, सकाळी लवकर पोहोचा. गाडीतला चिवडा घरीच झाडून घ्या. कुकर न्या, शिट्ट्या मात्र रात्री दहाच्या आत उरका.