पिंग तर होतोय, मॅडम

दुसऱ्याच्या क्लाउडवर मशीन उभं राहिलं नाही, की माणूस तिकीट टाकतो आणि निवांत चहाला जातो. स्वतःच्या क्लाउडमध्ये तेच तिकीट गावभर फिरून आपल्याच टेबलावर येऊन बसतं. आमच्या पुण्यातल्या ऑफिसात खर्च वाचावा म्हणून प्रायव्हेट क्लाउड उभारायचं ठरलं, तेव्हा साहेबांच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण नियंत्रण आपल्या हाती’ असं लिहिलं होतं. त्यात काही खोटं नव्हतं. ते हातात घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढंच.

आमचा क्लाउड ओपनस्टॅकचा. म्हणजे घराणं मोठं. 2010 साली नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून हा प्रकल्प सुरू केला. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, जिथे अणूच्या पोटातल्या कणांच्या टकरी घडवतात, तिथे 2013पासून तो रोजच्या कामात आहे. आमच्याकडे त्याच्यावर हजेरीच्या सॉफ्टवेअरची चाचणी चालते आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागते.

धाप लागली की तो एकच वाक्य बोलतो: ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’. लायक सर्व्हर सापडला नाही. का सापडला नाही, ते विचारायचं नाही. आत शेड्यूलर नावाचा एक इसम बसलेला असतो. तो सगळे सर्व्हर एकामागून एक चाळण्यांतून काढतो: मेमरी पुरते का, झोन जुळतो का, इमेजच्या अटी बसतात का. शेवटी हाती काही उरलं नाही, की हे वाक्य तोंडावर फेकतो. कधी सर्व्हर चाळणीतून उतरतो, मशीन उभं करायलाही घेतो, पण नेटवर्कचं पोर्ट जोडलं जात नाही. मग दुसरा सर्व्हर, मग तिसरा. मुळातली मुभा तीनच प्रयत्नांची. ती संपली की पुन्हा बोंब. दुखणं पायाला, रिपोर्ट डोक्याचा. चाळणीतच अडलं असेल, तर खरं कारण शेड्यूलरच्या लॉगमध्ये असतं, ‘अमुक फिल्टरने शून्य होस्ट परत केले’ अशा एका ओळीत. ती ओळ शोधायची सोडून लोक आधी रॅम मागवतात.

एकदा तर मेमरी भरपूर, झोन बरोबर, सगळं जिथल्या तिथे, तरी एक सर्व्हर यादीत ‘डाउन’. आमच्याकडची ट्रेनी मुलगी धावत आली, “मॅडम, तो गेला!” मी त्याच सर्व्हरवर लॉगइन करून दाखवलं. त्याच्यावरची जुनी मशीनं सुखाने चालली होती. भानगड अशी, की प्रत्येक सर्व्हर दर 10 सेकंदांनी ‘मी आहे’ अशी नोंद करतो आणि शेवटची नोंद 60 सेकंदांपेक्षा जुनी दिसली की तो गेला असं धरतात. या सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं होतं. त्यामुळे त्याने आत्ता केलेली नोंदही वरच्यांना शिळी दिसत होती. पेन्शनरांचं नोव्हेंबरात होतं तसंच: आजोबा खिडकीसमोर धडधाकट उभे आहेत, खोकताहेत, वाद घालताहेत, पण हयातीचा दाखला नाही म्हणून कागदावर ते हयात नाहीत. घड्याळ पुढे गेलं असतं तरी निकाल हाच लागला असता, कारण यंत्रणा फक्त फरक बघते. घड्याळ मिळवलं, सर्व्हर स्वर्गातून परत आला. ट्रेनी मुलीने मात्र तोवर त्याच्या निधनाची मेल सगळ्या विभागाला धाडली होती.

मशीन उभं राहिलं, हिरव्या अक्षरांत ‘अॅक्टिव्ह’ झळकलं, की अननुभवी माणूस हुरळतो. अॅक्टिव्हचा अर्थ एवढाच, की हायपरव्हायझरने मशीन चालू केलं. आत ते कपाळावर हात मारून बसलेलं असू शकतं. कन्सोल उघडून पाहावं, तर बिचारं 169.254.169.254 या पत्त्यावर ‘माझं नाव काय, माझी किल्ली कुठाय’ असं विचारत असतं आणि पलीकडून कोणी ‘ओ’ देत नाही. त्याला डीएचसीपीने आयपीच दिलेला नसतो.

इथून पुढे नेटवर्कवाल्यांची हद्द सुरू होते, आणि टोलवाटोलवीही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: “पिंग तर होतोय, मॅडम.” या वाक्यानंतर ते खुर्चीला टेकतात.

त्या दिवशीही पिंग होतच होता, आणि एसएसएच करायला गेलं की गोठत होतं. तपशील दाखवायला सांगितलं तर पडद्यावर शेवटची ओळ ‘एक्स्पेक्टिंग एसएसएच-टू एमएसजी केक्स ईसीडीएच रिप्लाय’, आणि पुढे नुसता लुकलुकणारा कर्सर. ही ओळ ज्याने एकदा पाहिली, तो लगेच एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची मर्यादा, तपासायला धावतो. साधं पिंग जेमतेम 84 बाइट्सचं पाकीट. ते कुठूनही निसटतं. पण एसएसएचला किल्ल्यांची देवाणघेवाण करताना मोठी पाकिटं लागतात. आमच्या तारेवर 1500 बाइट्स मावतात. त्यातले 50 व्हीएक्सलॅनच्या वेष्टनात जातात. म्हणजे आतल्या मशीनला 1450च्या वर बोलायला परवानगी नाही. आणि एका जुन्या इमेजमध्ये कोणा पुण्यवंताने 1500 हाताने लिहून ठेवलं होतं. मोठं पाकीट निघायचं, वाटेत गडप व्हायचं, आणि कोणी कोणाला कळवायचं नाही.

ते कुठे गडप होतं हे बघायला टीसीपीडम्प लावून प्रत्येक वळणावर पहारा द्यावा लागतो. मशीनपासून टॅप, मग क्यूबीआर, क्यूव्हीबी, क्यूव्हीओ, बीआर-इंट, बीआर-टन, आणि मग कुठे खरी तार. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव 15 अक्षरांत बसवावं लागतं, म्हणून टॅपच्या पुढे पोर्टच्या ओळखक्रमांकाची पहिली 11 अक्षरं तोडून चिकटवलेली. रात्री अकराला असली पाच-सहा नावं एकाखाली एक दिसली, की आपण वाचतोय की टायपिंग बिघडलंय हेच कळेनासं होतं.

नेटवर्कवाल्यांना एमटीयू पटला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक ठणठणीत मशीन ‘बंद’ म्हणून परत पाठवलं. कारण? पिंग होत नव्हता. डिफॉल्ट सिक्युरिटी ग्रुप बाहेरून येणाऱ्या कोणालाच आत घेत नाही, मग पिंगला कसा घेईल? नियम जोडल्याशिवाय ते दार उघडत नाही, आणि तसंच असायला हवं.

तेव्हा आमच्यासारख्यांकडे तक्रार पाठवाल तर ‘मशीन चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठून, कुठे, कोणत्या पोर्टवर, किती वाजता आणि पडद्यावरची शेवटची ओळ कोणती, ते लिहा. पिंगचं नाही लिहिलंत तरी चालेल.